न बोललेल्या वाक्याचं वजन: कौटुंबिक शोकांतिकेत ताण कसा बांधायचा

तुमचं नाटक दोन अंकी आहे. वडिलांनी धाकट्या मुलाचं कर्ज फेडायला राहतं घर गहाण टाकलंय. आईला ते ठाऊक आहे, थोरल्याला नाही. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर थोरल्याला कळतं, मोठं भांडण होतं, धाकटा घर सोडून जातो, वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो आणि पडदा पडतो. वाचनाला बसलेले मित्र म्हणाले, "विषय चांगला आहे, पण पकड घेत नाही." आणि तुमचा प्रश्न असा की पहिल्या अंकात चार कडाक्याची भांडणं असूनही ताण का जाणवत नाही.

त्या चार भांडणांमुळेच जाणवत नाही.

भांडण सुरू झालं की साठलेला ताण वाहून जातो. मी प्रयोगाला शेवटच्या रांगेमागे उभा राहतो आणि रंगमंचापेक्षा प्रेक्षकांच्या पाठी जास्त पाहतो. दोन पात्रं ओरडायला लागली की पाठी खुर्चीला टेकतात, कारण आता जे व्हायचं ते होऊ लागलेलं असतं. पण एखादं पात्र काही सांगायला तोंड उघडतं आणि शब्द गिळून खिडकी लावायला जातं, तेव्हा खोकले थांबतात, पाठी पुढे येतात. प्रेक्षकाला ते वाक्य ऐकू आलेलं असतं, फक्त ते अजून कुणी उच्चारलेलं नसतं. कौटुंबिक शोकांतिकेत लेखकाचं खरं भांडवल म्हणजे ही गिळलेली वाक्यं. तुम्ही ती पहिल्या अंकातच खर्चून टाकलीत.

आता ती वाक्यं गिळली का जातात, इथे सगळी मेख आहे. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या चौदाव्या प्रकरणात म्हटलंय की शत्रूने शत्रूला मारलं तर आपल्याला विशेष कणव येत नाही. भाऊ भावाला, आई मुलाला, मुलगा बापाला मारतो किंवा मारायला निघतो, अशाच प्रसंगांचा शोध नाटककाराने घ्यावा. पुष्कळजण याचा अर्थ एवढाच घेतात की घरातलं वैर जास्त भयंकर असतं. मला वाटतं, घरातली माया जास्त भयंकर असते. घरातलं माणूस गप्प बसतं ते दुसऱ्याला दुखवू नये म्हणून, त्याची लाज राखावी म्हणून, त्याची झोप उडू नये म्हणून. आणि त्या गप्प बसण्यातूनच विनाश घरात शिरतो. ही उलटी चाल प्रेक्षकाला दिसू लागली की मग कुणी आवाज चढवायची गरज उरत नाही.

आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मध्ये (१९४९) याचं मी पाहिलेलं सगळ्यात लखलखीत उदाहरण आहे. विली लोमनने गॅसने जीव द्यायला म्हणून तळघरात गॅसच्या नळीजवळ रबरी नळीचा एक तुकडा लपवून ठेवलाय. बायकोला, लिंडाला तो सापडलाय आणि तो कशासाठी आहे हेही तिला कळलंय. ती काय करते? रोज तो काढून घेते आणि विली घरी यायच्या वेळी परत जागच्या जागी ठेवते. का, तर मी तुझी नळी पाहिली असं म्हणून त्याचा अपमान कसा करायचा! ती हे मुलांना सांगते त्या क्षणापासून विलीचा प्रत्येक हसरा संवाद अंगावर येतो. पुढे शेवटाकडे थोरला मुलगा बापाच्या गळ्यात पडून रडतो आणि विलीला उमगतं की पोराचा आपल्यावर जीव आहे. दुसऱ्या नाटकात इथे बाप वाचला असता. इथे तो त्या आनंदातच गाडी काढतो, पोराला विम्याचे पैसे मिळावेत म्हणून. समेटच त्याला मृत्यूकडे ढकलतो.

आपल्याकडे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) सिंधूचं काय होतं पाहा. आजच्या वाचकाला तिची पतिनिष्ठा पटो न पटो, बांधणीच्या दृष्टीने ती निष्ठाच फास आवळते. माहेरची मदत ती नाकारते, म्हणून दारिद्र्य वाढतं. आणि शेवटी नवऱ्याच्याच हातून घाव बसलेला असताना त्याला वाचवायला ती पोलिसांसमोर खोटं बोलते. तळीराम नसता तरी नाटकात व्यसन आलं असतं. सिंधू तशी नसती तर ही शोकांतिका घडलीच नसती.

म्हणून तुमच्या संहितेला माझा पहिला प्रश्न असा: तुमची आई गप्प का आहे? तुम्ही लिहिलेल्या संहितेत ती नवऱ्याला घाबरून गप्प आहे. भीती हे कारण खोटं नाही, पण ते एकदाच वापरता येतं. प्रेक्षक तिची कीव करतो आणि पुढे सरकतो. हेच बदलून पाहा. आईला गहाणाचं कळलंय, पण तिला कळलंय हे वडिलांना माहीत नाही. बँकेच्या नोटिशीचं पाकीट तिच्या हाती आधी पडलंय आणि तिने ते लपवलंय, कारण ते पाहून नवरा खचेल. आणि वडील तिच्यापासून लपवताहेत, कारण हे ऐकून ती खचेल. दोघं रात्री एकाच खोलीत झोपतात. आता त्या दोघांचा साधा "दिवा घालवू का?" एवढा संवादही सपाट राहणार नाही.

मी प्रत्येक नाटकाआधी एक तक्ता करतो. आडवी पात्रांची नावं, उभे प्रवेश, आणि प्रत्येक चौकटीत लिहायचं की या क्षणी या माणसाला काय ठाऊक आहे आणि दुसऱ्याला काय ठाऊक आहे असं त्याला वाटतंय. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त कामाची. शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. दोन प्रवेशांमध्ये एकाही चौकटीत बदल झाला नसेल, तर मधला प्रवेश कितीही सुंदर लिहिलेला असो, काढून टाकायचा. तुमच्या पहिल्या अंकाचा मी असा तक्ता केला. पाच प्रवेशांत फक्त एक चौकट बदलते. चार भांडणं होतात आणि कुणाला नवं काही कळत नाही.

प्रेक्षकाच्या रकान्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण नवे लेखक इथेच हमखास अडकतात. गहाणाची गोष्ट तुम्ही प्रेक्षकापासूनही दुसऱ्या अंकापर्यंत लपवून ठेवलीय, धक्का बसावा म्हणून. धक्का अर्धा मिनिट टिकतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी तुम्ही तासभर प्रेक्षकाला अंधारात ठेवलंत, आणि त्या तासात घरातली माणसं अशी का वागताहेत हे न कळल्याने तो कंटाळला. रहस्यनाटकाला हे चालतं, शोकांतिकेला नाही. शोकांतिकेत प्रेक्षकाला आधी कळावं, पात्राला नंतर, आणि या दोहोंमधलं अंतर जितकं सोसवेल तितकं लांबवावं.

सोफोक्लिसच्या 'ईडिपस'मध्ये, इसवीसनपूर्व पाचव्या शतकात, हे किती बारकाईने केलंय! कॉरिंथहून दूत येतो तो चांगली बातमी घेऊन. आपल्या हातून आईशीच लग्न होईल ही ईडिपसच्या मनातली धास्ती घालवायची म्हणून तो सांगतो की कॉरिंथची राणी तुझी जन्मदात्री नाहीच. सद्‌भावनेने उच्चारलेल्या या वाक्याने सगळं उलटतं. त्या क्षणी ईडिपसच्या शेजारी योकास्टा उभी आहे, त्याची बायको आणि खरं तर त्याची जन्मदात्री. तिला सगळं कळलंय, त्याला अजून नाही. ती विनवते, पुढे विचारू नकोस. आणि त्याला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू याची हिला लाज वाटतेय! ती आत निघून जाते आणि तो उत्साहाने चौकशी चालूच ठेवतो. दिग्दर्शक जाणता असेल तर त्या दोन-तीन मिनिटांत नजर बोलणाऱ्यांवर राहत नाही, गप्प उभ्या असलेल्या बाईवर राहते. प्रवेशात सगळ्यात जास्त ठाऊक असलेल्या माणसाला सगळ्यात कमी संवाद द्या, एवढं एक जरी तुम्ही उचललंत तरी तुमच्या संहितेत फरक पडेल.

आता प्रत्यक्ष लिहून दाखवतो. तुमच्या पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश असा आहे: थोरला म्हणतो, घरावर मजला चढवायचाय, मी पैसे साठवलेत, आई म्हणते, नको, तो म्हणतो, तुला नेहमी धाकट्याचंच कौतुक, आणि मग दीड पान जुनी उणीदुणी. मजल्याची कल्पना फार मोलाची आहे. जे घर हातून जाणार आहे त्यावर हा माणूस आपली सगळी पुंजी लावायला निघालाय. पण ती कल्पना तुम्ही भांडणाचं निमित्त म्हणून वापरून टाकलीत. त्याऐवजी त्याच्या हातात मोजपट्टी द्या. प्रेक्षकाने आधीच्या प्रवेशात आईला नोटिशीचं पाकीट कपाटात साड्यांखाली सरकवताना पाहिलेलं आहे.

थोरला: धर गं हे टोक. भिंतीला टेकव.
आई: आत्ता कशाला?
थोरला: उद्या मिस्त्री येतोय. जिना इकडून काढू की तिकडून?
आई: बाबांना विचार.
थोरला: ते म्हणाले, आईला विचार.
(आई टोक धरून उभी.)
थोरला: पायऱ्या बुटक्याच घेऊ. तुझे गुडघे दुखतात.
आई: मी कशाला वर येतेय?
थोरला: अगं, वरची खोली तुमचीच आहे. उजेड चांगला येईल तिथे.
(शांतता.)
आई: किती भरलं?
थोरला: अकरा फूट चार इंच.
आई: नीट बघ. परत मोज.

इथे कुणी कुणाला दुखवलेलं नाही. धाकट्याचं नावही निघालेलं नाही. पण "ते म्हणाले, आईला विचार" या वाक्यात वडिलांनी स्वतःची सुटका करून घेतलीय आणि बायकोला नकळत कोंडीत पकडलंय. "वरची खोली तुमचीच" हे ऐकल्यावर आईला खरं सांगणं आणखी अवघड झालं. तो स्वार्थी असता तर तिने केव्हाच सांगून टाकलं असतं. आणि "परत मोज". तिला फक्त वेळ हवाय. उद्या मिस्त्री येऊ नये एवढीच तिची इच्छा आहे आणि ती पुरी करायला तिच्या हातात मोजपट्टीचं एक टोक आहे. मूळ दीड पानाची उणीदुणी यात कुठे गेली? ती आहेतच. पण ती आता प्रेक्षकाच्या मनात जमताहेत: कळेल तेव्हा हा पोरगा काय म्हणेल? हा प्रश्न घेऊन प्रेक्षक मध्यंतरात बाहेर गेला पाहिजे.

मोजपट्टीला इथेच सोडू नका. वस्तू एकदा आली तर ती नुसती वस्तू, दुसऱ्यांदा आली की खूण, आणि तिसऱ्यांदा तिचा अर्थ पालटलेला असला पाहिजे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) बंद पडलेला ट्रॅक्टर असा आहे, आणि दागिने तर आहेतच. वहिनी रात्री ते पिढीजात दागिने अंगावर घालते तेव्हा घराण्याच्या वैभवाचं शेवटचं दर्शन आपल्याला होतं, आणि पुढे तेच दागिने घेऊन घरातली मुलगी पळून जाते. तुमच्या दुसऱ्या अंकात बँकेचा माणूस घराचं मोजमाप घ्यायला आला आणि त्याने टोक धरायला जवळ उभ्या असलेल्या थोरल्याला बोलावलं, तर? मी फक्त सुचवतोय. तुम्हाला याहून चांगलं सुचेल.

'वाडा'वरून दुसरी गोष्ट आठवली. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका नाटकाच्या तालमीत एका ज्येष्ठ अभिनेत्रीने मला विचारलं होतं, "हा मला इतकं बोलतो, मग मी इथून निघून का जात नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, पुढे तुमचा संवाद आहे म्हणून. त्यांनी संहिता मिटून ठेवली. त्या दिवसापासून पहिलं पान लिहिण्याआधी मी दार बंद करतो. ही माणसं एका छताखाली, या काळापुरती, का अडकलेली आहेत? 'वाडा'त वडील वारलेत आणि तेराव्यापर्यंत कुणाला हलता येत नाही; तो काळ हीच चौकट, आणि त्या तेराव्याचा खर्च हाच पेच. यूजीन ओ'नीलच्या 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट'मध्ये सकाळी साडेआठपासून मध्यरात्रीपर्यंतचा एकच दिवस आहे. तुमच्या नाटकात आठ महिने जातात. थोरला केव्हाही वेगळं बिऱ्हाड करू शकतो, धाकटा केव्हाही पळू शकतो. नोटिशीवरची तारीख घ्या आणि त्याआधीच्या दहा-बारा दिवसांत नाटक बसवा. काळ आवळला की निम्मी भांडणं आपोआप गळतील.

ओ'नीलच्या त्याच नाटकातली एक बारीक जागा. आई व्यसनातून बरी होऊन घरी आलीय, पण नवऱ्याला आणि मुलांना शंका आहे की तिने पुन्हा सुरू केलंय. विचारायचं धाडस कुणात नाही. ते नुसतं तिच्याकडे पाहतात, आणि ती विचारते, माझे केस विस्कटलेत का? घरातली माणसं भूतकाळ अशीच बोलतात, तिरकी. तुमचा धाकटा थोरल्याला सांगतो, "तुला आठवतं ना, सात वर्षांपूर्वी मी धंदा सुरू केला आणि भागीदाराने मला फसवलं." अर्थात आठवतं! तो तेव्हा त्याच घरात होता. हे वाक्य प्रेक्षकासाठी आहे हे प्रेक्षकालाही कळतं. प्रत्येक घरात जुन्या भांडणाचा एक शब्द झालेला असतो. त्या भागीदाराचं नुसतं नाव घ्या. नाव निघताच वडील वर्तमानपत्राची घडी घालतात, आई आत जाते. तो कोण होता हे दोन प्रवेशांनंतर कळलं तरी चालतं; इथे प्रेक्षकाला माहिती उशिरा मिळाली म्हणून काही बिघडत नाही, कारण जखम कुठे आहे ते त्याला दिसलेलं असतं.

हशा हवा. तुमच्या संहितेत तो एकदाही नाही, आणि गांभीर्याने लिहिणाऱ्या माणसाकडून हे होतंच. पण सलग आवळत नेलेला ताण प्रेक्षकाला बधिर करतो. संकटाच्या अगदी अलीकडे या चौघांना एकदा मनापासून हसू द्या, जुनी एखादी फजिती आठवून. हे घर एकत्र असताना कसं होतं हे दिसल्याशिवाय ते मोडल्याचं दुःख कुणाला होणार?

आता शेवट. हृदयविकाराचा झटका काढून टाका. वास्तवात माणसं धक्क्याने जातात, मान्य. पण नाटकात तो झटका वडिलांना येत नाही, लेखकाला येतो; सगळ्यांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहायची वेळ आली आणि तुम्ही एकाला उचलून नेलंत. शेवटी जे कोसळतं ते घरातल्याच कुणाच्या तरी हातून, त्याने चांगल्या हेतूने केलेल्या कृतीतून कोसळायला हवं. मृत्यू हवाच असंही नाही. थोरल्याने साठवलेली सगळी पुंजी मिस्त्रीच्या हाती गेली, जिना अर्धा बांधून झाला आणि मग त्याला कळलं की आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने आरडाओरड करू नये. आई मोजपट्टी धरून उभी होती ते आठवून त्याने एकच विचारावं, "परत मोज का म्हणालीस?" पुढे आई काय बोलते ते मी सुचवणार नाही. ते तुम्हाला शोधावं लागेल आणि त्याला महिनाभरही लागेल.

पुनर्लेखन मात्र शेवटापासून किंवा सुरुवातीपासून करू नका. मधला एक प्रवेश, जो तुमच्या संहितेत नाहीच, तो आधी लिहा. मिस्त्रीला पैसे द्यायच्या आदल्या रात्री आई सगळं सांगायचं ठरवून, ते पाकीट पदराखाली घेऊन थोरल्याच्या खोलीत येते. अजून काहीही बिघडलेलं नाही. आत्ता सांगितलं तरी घर जाईल, पण पोराची पुंजी वाचेल. ती बोलायला तोंड उघडते. आणि तेवढ्यात तो असं काहीतरी प्रेमाचं बोलतो की तिला सांगता येत नाही, आणि पाकीट तसंच परत जातं. ते प्रेमाचं वाक्य कोणतं, याचे दहा मसुदे करा. ते सापडलं की मग पहिल्या अंकाला हात घाला.